तीव्र ॲलर्जी आणि ॲनाफायलॅक्सिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमच्यासमोर आत्ता कुणाचा श्वास अडकत असेल तर पुढचं वाचत बसू नका. जवळ ॲड्रेनालिनचं इंजेक्शन असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, माणसाला आडवं करा, रुग्णवाहिका बोलवा. बाकीचं सगळं नंतर. वेळ हाताशी असेल तर मात्र हे पान शेवटपर्यंत वाचा, कारण अशा प्रसंगी जी माणसं दगावतात त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत औषध माहीत असतं, कधी कधी जवळही असतं, आणि तरी ते उशिरा दिलं जातं.

ॲनाफायलॅक्सिस म्हणजे नेमकं काय?

ॲलर्जी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिंका, नाक गळणं किंवा अंगावर उठलेलं पित्त येतं. ॲनाफायलॅक्सिस हे त्याच घराण्यातलं, पण सगळ्या शरीराला एकदम वेठीस धरणारं रूप आहे. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तात त्या विशिष्ट पदार्थाविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार झालेली असतात आणि ती 'मास्ट' पेशींवर चिकटून बसलेली असतात. तोच पदार्थ पुन्हा शरीरात आला की या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिन, ट्रिप्टेज, ल्युकोट्राइन अशी रसायनं एका झटक्यात बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतून पाणी पाझरू लागतं, म्हणून रक्तदाब कोसळतो. श्वासनलिका आकसतात. घसा, जीभ, ओठ सुजतात.

या प्रकाराला नाव मिळालं ते १९०२ मध्ये. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रफूल या सागरी प्राण्याचं विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून त्यांच्यात प्रतिकारशक्ती निर्माण होते का ते पाहत होते. नेपच्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्याला पहिल्या मात्रेने काहीच झालं नव्हतं. २२ दिवसांनी तेवढीच मात्रा दिल्यावर तो काही सेकंदांत कासावीस झाला आणि २५ मिनिटांत मेला. संरक्षण मिळण्याऐवजी नेमकं उलटं घडलं, म्हणून रिशे यांनी 'संरक्षणाच्या विरुद्ध' अशा अर्थाचा हा ग्रीक शब्द घडवला. १९१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं.

आजवर कितीतरी वेळा खाल्लं, कधी काही झालं नाही. मग आता कसं होईल?

नेपच्यूनची गोष्ट सांगितली ती याचसाठी. पहिल्या भेटीत शरीर फक्त ओळख पटवून ठेवतं, हल्ला पुढच्या एखाद्या भेटीत होतो. ती दुसरी भेट असेल किंवा दोनशेवी. 'इतकी वर्षं चालत होतं' हा ॲलर्जी नसल्याचा पुरावा नाही. मागच्या वेळी फक्त पित्त उठलं होतं, म्हणून या वेळीही तेवढंच होईल असंही धरून चालू नका. एका प्रतिक्रियेवरून पुढची किती जोरदार असेल ते सांगता येत नाही.

ओळखायचं कसं?

लक्षणं काही मिनिटांपासून दोनेक तासांत सुरू होतात आणि झपाट्याने वाढतात. त्वचेवर गांधी उठणं, खाज, चेहरा लालबुंद होणं, ओठ आणि पापण्या सुजणं हे बहुतेकांना दिसतं. पण जिवाला धोका असतो तो तीन ठिकाणी. घसा: आवाज घोगरा होणं, गिळता न येणं, जीभ जड होणं, श्वास आत घेताना कर्कश आवाज येणं. छाती: धाप, घरघर, न थांबणारा खोकला. रक्ताभिसरण: भोवळ, पांढरं पडलेलं थंड अंग, नाडी हाताला न लागणं, शुद्ध हरपणं. जोडीला पोटात पिळवटून दुखणं आणि सारख्या उलट्याही असू शकतात. पुष्कळ रुग्ण 'माझं काही खरं नाही' असं घाबऱ्याघुबऱ्या बोलू लागतात. त्यांना भित्रं ठरवू नका, ही भावनासुद्धा वैद्यकीय पुस्तकांत लक्षण म्हणूनच नोंदवलेली आहे.

तान्ह्या बाळाला हे काहीच सांगता येत नाही. ते अचानक मलूल होतं, अंग सैल सोडतं, किंवा सारखं रडून एकाएकी गप्प होतं.

अंगावर काहीच उठलेलं नाही. तरी ॲनाफायलॅक्सिस असू शकतो?

हो. साधारण १० ते २० टक्के रुग्णांमध्ये त्वचेवर काही दिसत नाही, किंवा उशिरा दिसतं. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे हे ठाऊक आहे, तो पोटात गेला आणि दम लागला किंवा माणूस कोसळला, तर पुरळ शोधत बसू नये. जागतिक ॲलर्जी संघटनेच्या २०२० च्या निकषांतही हे स्पष्ट आहे: ॲलर्जीकारक पदार्थाशी संपर्क आल्यावर रक्तदाब कोसळणं, श्वासनलिका आकसणं किंवा घशाला सूज येणं, यातलं एकही पुरेसं आहे, त्वचेवर काही असो वा नसो.

हे किती जणांना होतं?

याला एकच आकडा नाही, कारण प्रत्येक अभ्यासाची व्याख्या वेगळी आणि मोजण्याची पद्धत वेगळी. जगभरातल्या अभ्यासांवरून वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण ५० ते ११२ घटना असा अंदाज जागतिक ॲलर्जी संघटना देते. आयुष्यात कधीतरी हा अनुभव आलेल्यांचं प्रमाण युरोपातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर ०.३ टक्के निघालं, तर अमेरिकेतल्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काटेकोर निकष लावूनही ते किमान १.६ टक्के होतं. माझ्या मते खरा आकडा नोंदींपेक्षा मोठाच असणार. दम्याचा झटका, विषबाधा, चक्कर अशा नावांखाली कितीतरी प्रसंग नोंदले जातात आणि कितीतरी घरीच निभावतात.

मृत्यू मात्र विरळ आहेत. बहुतेक देशांच्या आकडेवारीत वर्षाला दर दहा लाख लोकांमागे एक किंवा त्याहून कमी. ज्यांच्या घरात अशी ॲलर्जी आहे त्यांनी हा आकडा मनाशी धरून ठेवावा. घाबरून घरकोंडी करून घेण्याची गरज नाही, तयारी ठेवण्याची आहे.

प्रमाण वाढत चाललंय का?

रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं नक्कीच वाढलंय. ब्रिटनमध्ये १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत खाद्यपदार्थांमुळे झालेल्या ॲनाफायलॅक्सिससाठी दाखल होण्याचं प्रमाण दर लाखामागे १.२३ वरून ४.०४ वर गेलं. सर्वांत जास्त वाढ १५ वर्षांखालच्या मुलांमध्ये होती. त्याच काळात दाखल झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण ०.७० टक्क्यांवरून ०.३० टक्क्यांवर उतरलं. त्याच अभ्यासातली एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे: शाळकरी वयातल्या मृत्यूंमागे सर्वांत जास्त वेळा आढळलेला एकच एक पदार्थ म्हणजे गाईचं दूध. सगळे शेंगदाण्याला घाबरतात आणि दुधाच्या ॲलर्जीला 'बाळपणीची, जाईल आपोआप' म्हणून सोडून देतात.

कारणं कोणती?

मुलांमध्ये प्रामुख्याने खाद्यपदार्थ: शेंगदाणे, काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव, तीळ, गहू, सोयाबीन. मोठ्यांमध्ये औषधं आणि कीटकदंश पुढे असतात. औषधांमध्ये प्रतिजैविकं, वेदनाशामक गोळ्या, भूल देताना वापरली जाणारी स्नायू शिथिल करणारी औषधं, स्कॅनच्या वेळी शिरेतून दिला जाणारा कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक दिसावं म्हणून दिलेलं द्रव्य. कीटकांमध्ये मधमाशी, गांधीलमाशी आणि काही जातींच्या मुंग्या. रबरी हातमोज्यांमधलं लॅटेक्स हेही एक कारण.

काही वेळा नुसता पदार्थ पुरेसा नसतो, त्याला जोड लागते. गहू खाऊन पळायला गेलं तरच त्रास होतो, एरवी नाही, अशी माणसं आहेत. व्यायाम, मद्य, ताप, वेदनाशामक गोळ्या यांमुळे प्रतिक्रिया सुरू व्हायला कमी मात्राही पुरते. आणखी एक चकवा म्हणजे गोचीड चावल्यानंतर होणारी लाल मांसाची ॲलर्जी. गोचिडीमुळे 'अल्फा-गॅल' नावाच्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि मांस खाल्ल्यावर प्रतिक्रिया तीन ते सहा तासांनी येते. रात्री जेवलेला माणूस मध्यरात्री अंग खाजवत, धापा टाकत उठतो आणि त्याचा जेवणाशी संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

हाताशी किती वेळ असतो?

ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या एका जुन्या पण आजही महत्त्वाच्या अभ्यासात, श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ असा आढळला: शिरेतून दिलेल्या औषधामुळे ५ मिनिटं, कीटकदंशामुळे १५ मिनिटं, अन्नामुळे ३० मिनिटं. ही प्राणघातक ठरलेल्या प्रसंगांची आकडेवारी आहे, प्रत्येकाची नाही. पण 'थोडं थांबून बघू' म्हणण्याची किंमत काय असते ते यावरून कळतं. रुग्णवाहिका यायला यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून इंजेक्शन सोबत बाळगायला सांगतात.

नेमकं काय करायचं?

शंका आली की लगेच ॲड्रेनालिन. आणखी लक्षणांची वाट पाहू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत. गरज पडली तर कपड्यावरूनही देता येतं, फक्त तिथल्या खिशात काही नाही ना ते बघा. पेनसारखं तयार इंजेक्शन असेल तर टोचल्यावर ते किती सेकंद दाबून धरायचं ते त्या पेनवर लिहिलेलं असतं. दिल्याची वेळ लक्षात ठेवा.

माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे वर घ्या. दम लागत असेल तर पाय लांब करून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध गेली असेल तर कुशीवर. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. बाळाला खांद्यावर उभं धरू नका, आडवंच धरा. मग दूरध्वनी करा आणि 'ॲनाफायलॅक्सिस' हा शब्द वापरून सांगा. 'ॲलर्जी झालीय' एवढ्याने समोरच्याला निकड कळतेच असं नाही. दोघं असाल तर एकाने टोचावं, एकाने फोन करावा.

मधमाशीची नांगी त्वचेत असेल तर ती लगेच काढा, कशी काढली याला महत्त्व नाही, वेळेला आहे. ५ मिनिटांत सुधारणा दिसली नाही तर दुसरं इंजेक्शन, शक्यतो दुसऱ्या मांडीत. श्वास थांबला तर छातीवर दाब देणं सुरू करा.

दम्याचा पंप आधी द्यावा का?

नाही. ॲड्रेनालिन आधी, पंप नंतर. ज्यांना दमा आणि अन्नाची ॲलर्जी दोन्ही आहे, त्यांचा घोटाळा इथेच होतो. अचानक लागलेला दम हा दम्याचा की ॲलर्जीचा हे कळत नसेल तर ॲड्रेनालिन द्या, त्याने दोन्हींत श्वासनलिका मोकळी होते.

ॲड्रेनालिनच का? आणि मांडीतच का?

कारण जे जे बिघडतं ते ते हे एकच औषध उलट फिरवतं. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि घशाची सूज उतरते, हृदय जोराने काम करू लागतं, श्वासनलिका उघडतात, आणि मास्ट पेशींमधून आणखी रसायनं बाहेर पडणं मंदावतं. ते आपल्या शरीरातही तयार होतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला शुद्ध रूपात वेगळं केलं.

मांडीचा मोठा स्नायू रक्ताने भरपूर पोसलेला असतो. मुलांवरच्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात शिखराला पोचलं, तर त्वचेखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. मघाचे मिनिटांचे आकडे यांच्या शेजारी ठेवून पाहा.

मात्रा किती?

वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. औषध १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम या तीव्रतेचं असतं, म्हणजे मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार १२ वर्षांवरच्यांना ०.५, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ०.३ आणि ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना ०.१५ मिलिग्रॅम. तयार पेन प्रामुख्याने ०.१५ आणि ०.३ मिलिग्रॅमची मिळतात. कोणतं घ्यायचं ते डॉक्टरांनी ठरवावं, पण मुलाचं वजन वाढत गेलं की आठवण तुम्हीच करून द्या. २०२४ पासून नाकात मारायचा ॲड्रेनालिनचा फवाराही अमेरिका आणि युरोपात मंजूर झाला आहे. सुईला घाबरणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

गरज नसताना दिलं गेलं तर? हृदयाला धोका?

मांडीत दिलेल्या योग्य मात्रेनंतर थोडा वेळ छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा फिका पडतो, डोकं दुखतं. हे सगळं ओसरतं. हृदयविकार असलेल्या माणसालाही ॲनाफायलॅक्सिसमध्ये ॲड्रेनालिन द्यायचंच असतं. कोसळलेला रक्तदाब त्याच्या हृदयाला औषधापेक्षा कितीतरी जास्त घातक. धोका असतो तो चुकीच्या मात्रेचा आणि शिरेतून घाईने देण्याचा, आणि शिरेतून देणं हे फक्त अनुभवी डॉक्टरांचं काम आहे. गरज नसताना दिल्याने झालेला त्रास आणि गरज असताना न दिल्याने झालेला घात, यांची तुलनाच होऊ शकत नाही.

ॲलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन पुरेसं नाही का?

नाही, आणि याविषयी मला अगदी ठामपणे बोलायचं आहे. ॲलर्जीची गोळी खाज आणि पित्त कमी करते. घशाची सूज, आकसलेली श्वासनलिका, कोसळलेला रक्तदाब यांवर ती काहीही करत नाही, आणि पोटात गेल्यावर परिणाम दिसायलाच बराच वेळ लागतो. स्टेरॉइडला त्याहून जास्त, कित्येक तास. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शनाने नेहमीच्या उपचारांतून स्टेरॉइड काढून टाकलं आणि ॲलर्जीच्या गोळ्या रुग्ण सावरल्यानंतर, फक्त त्वचेच्या त्रासापुरत्या ठेवल्या. गोळी घेतली की खाज थांबते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि त्या दिलाशातच मोलाची मिनिटं निघून जातात.

रुग्णाला उठू का द्यायचं नाही?

रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असताना रक्त पायांत साचतं. अशा वेळी माणूस उभा राहिला किंवा झटकन उठून बसला तर हृदयाकडे परतणारं रक्त एवढं कमी होतं की हृदय रिकामंच आकुंचन पावतं. आडवं असताना बोलत असलेला माणूस उठल्यावर काही सेकंदांत दगावल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. म्हणून बरं वाटू लागलं तरी चालत संडासला किंवा गाडीपर्यंत नेऊ नका. स्ट्रेचर माणसाजवळ आणायचा.

इंजेक्शननंतर बरं वाटलं. तरी रुग्णालयात जायलाच हवं?

होय. साधारण २० पैकी एका रुग्णात काही तासांनी, पुन्हा संपर्क न येता, प्रतिक्रिया परत उसळते. ती ७२ तासांपर्यंतही येऊ शकते, पण बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या दिवसात येते. किती वेळ थांबायचं ते प्रसंगावर ठरतं: एकाच इंजेक्शनने लवकर आराम पडला तर दोनेक तास, दोन लागली तर किमान सहा, दम्यासह गंभीर झटका असेल किंवा घर दूर असेल तर बारा किंवा जास्त.

तिथे प्राणवायू, भरपूर सलाईन आणि लागेल तसं पुन्हा ॲड्रेनालिन देतात. दोन इंजेक्शनांनी भागलं नाही तर ते शिरेतून थेंब थेंब सुरू करतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ॲड्रेनालिनचा परिणाम कमी दिसू शकतो, त्यांना ग्लुकागॉन हे दुसरं औषध दिलं जातं, म्हणून चालू औषधं डॉक्टरांना सांगाच. रक्तातलं ट्रिप्टेज तपासायचं असेल तर नमुना पहिल्या एक-दोन तासांत घेतलेला चांगला, चार तासांच्या आत तरी हवाच. निदानाबद्दल शंका असेल तेव्हा पुढे ॲलर्जीतज्ज्ञाला तो फार उपयोगी पडतो.

लहानपणापासून 'पेनिसिलीनची ॲलर्जी' लिहिलंय. खरंच असेल?

बहुधा नसेल. अशी नोंद असलेल्यांची तपासणी केली तर १० पैकी ९ जणांहून अधिक जण पेनिसिलीन सुखाने घेऊ शकतात. लहानपणी तापात उठलेलं पुरळ औषधाच्या माथी मारलेलं असतं. मात्र हे घरी पडताळून पाहू नका.

बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून शेंगदाणे लांब ठेवावेत का?

पूर्वी तसंच सांगत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने ते उलटं फिरवलं. इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. अख्खे दाणे घशात अडकतात, म्हणून पातळ केलेलं लोणीसारखं वाटण द्यायचं. बाळाला जोरदार इसब असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा.

कायमचा इलाज आहे का?

मधमाशी-गांधीलमाशीच्या ॲलर्जीवर आहे, असं जवळजवळ म्हणता येईल. विषाची सूक्ष्म मात्रा वाढवत नेत तीन ते पाच वर्षं इंजेक्शनं घेतली की बहुतेकांना पुढच्या दंशातून संरक्षण मिळतं. अन्नाच्या ॲलर्जीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पदार्थ कणाकणाने देण्याचे उपचार आहेत, आणि ओमालिझुमॅब या इंजेक्शनला २०२४ मध्ये अमेरिकेत त्यासाठी मंजुरी मिळाली. चुकून पोटात गेलं तर प्रतिक्रिया सौम्य व्हावी, हा त्याचा उद्देश. पथ्य आणि पेन दोन्ही चालूच ठेवायचं.

पेन कसं सांभाळायचं?

नेहमी दोन, आणि माणसासोबत. कपाटात कुलूपबंद नाही, मुख्याध्यापकांच्या खोलीत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हात तापणाऱ्या गाडीतही सोडू नका. मुदत संपलेलं असेल आणि दुसरं काहीच नसेल तर तेच वापरा, काही न देण्यापेक्षा ते बरं.

अन्नाच्या ॲलर्जीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये किशोरवयीन आणि विशीतली मुलं जास्त आढळतात. या वयात पेन घरी राहतं, मित्रांपुढे सांगायला संकोच वाटतो. म्हणून आईवडिलांइतकंच मित्रांना शिकवा. नवं पेन हाती आलं की जुनं, मुदत संपलेलं पेन त्या मित्रांच्या हाती द्या आणि एखाद्या संत्र्यात टोचायला लावा. सुई किती जोराने बाहेर येते, केवढा खटका बसतो, किती वेळ धरून ठेवावं लागतं, हे एकदा हाताने केल्यावर ध्यानात राहतं. नंतर ती सुई नीट बंद डब्यात घालून रुग्णालयात परत द्या.